दाएंग तेनेला आणायला इब्रीला

माझा बाप सुखदेव आणि आई, दोघंही अकोल्याबाहेरच्या खडीच्या क्रशरवर कामाला. पत्र्याची खोली क्रशरला लागूनच. दगडाची भुकटी भाकरीत असायची, अंथरुणात असायची, आईच्या केसांत असायची. बापाला तिथं कुणी कधी सुखदेव म्हटलं नाही. ‘ए लंब्या’ म्हणायचे. मालकाचं शाळकरी पोरगंसुद्धा ‘ए लंब्या’ म्हणायचं आणि बाप ‘जी’ म्हणायचा. आई वर मालकाच्या बंगल्यावर भांडी घासायला जायची. तिचा चहाचा कप न्हाणीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला. प्यायचा, विसळायचा, पालथा घालायचा.

मी त्या घरातला पहिला पदवीधर. मेटलर्जीचा इंजिनिअर. हे मी मिरवतो, आणि ज्याला खटकतं त्याला खटकू द्यावं. आधी हे सांगून टाकलं, कारण पुढं मी तुम्हाला चिडलेला दिसेन. दिसेन काय, आहेच. ओमानचा प्रवास म्हटलं की लोक किल्ले, वाळू आणि खजूर लिहितात. मीही थोडं लिहीन. पण मी इब्रीला गेलो ते एका बाईला एका घरातून बाहेर काढायला, आणि ते घर मराठी होतं.

सहम

मी सोहारला भट्टीवर आहे. माझ्या पाळीत एक इंडोनेशियन फोरमन आहे, पन्नाशीला आलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. आयडी कार्डावर अब्दुलरहमान, म्हणून सगळे ‘अब्दुल, यल्ला अब्दुल’ करून हाका मारतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, घरी काय म्हणतात? तो खाता खाता थांबला. म्हणाला, “दाएंग सिला.”

त्यानं मग सांगितलं. नकाशात सुलावेसी नावाचं एक वेडंवाकडं, हातपाय पसरलेलं बेट आहे. त्याच्या दक्षिणेच्या टोकाला मकास्सर शहर, आणि त्याच्या आसपासचे हे मकास्सरी लोक. इंडोनेशियाची सरकारी भाषा वेगळी, यांची घरातली वेगळी. त्यांच्यात जन्माच्या नावाशिवाय दुसरं एक नाव असतं, ‘दाएंग’ लावून, वडीलधाऱ्यांनी दिलेलं. मोठ्या माणसाला त्याच नावानं हाक मारायची. कोरड्या जन्मनावानं हाक मारणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. म्हणजे हा माणूस पाच वर्षं रोज, दिवसातून पन्नासदा उघडा पडत होता आणि ‘येस सर’ म्हणत होता. मला माझा बाप आठवला. त्या दिवसापासून मी त्याला दाएंग सिला म्हणतो, आणि माझ्या पाळीत बाकीच्यांनाही म्हणायला लावलं.

तो सहमला राहतो, एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत. समुद्र दोन गल्ल्यांवर. गुरुवारी संध्याकाळी मी सोहारहून गाडी घेऊन तिथं गेलो, कारण दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघायचं होतं. त्यानं ‘चोतो’ शिजवलं होतं. मकास्सरची ही खास डिश. मी भांड्यात डोकावलो आणि ओरडलोच, “अरे, ही तर वजडी!” आतडी, काळीज, फुप्फुस, सगळं बारीक कापून मसाल्याच्या रश्शात, आणि रस्सा दाट करायला भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. आमच्या वस्तीत वजडीत कूट नाही घालत, पण घालायला पाहिजे असं माझं मत झालं. सोबत केळीच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेला भात. मस्कतच्या मराठी कार्यक्रमात एकदा मी वजडीचं नाव काढलं होतं, तेव्हा एक बाई ताटासकट दोन खुर्च्या लांब सरकल्या होत्या. इथं एक माणूस मला तिसऱ्यांदा वाढत होता.

जेवताना त्यानं त्याच्या बोलीतला एक शब्द सांगितला आणि मी चाट पडलो. ‘इकात्ते’. त्याचा अर्थ ‘तुम्ही आणि मी मिळून आपण’, आणि मान देऊन एकाच माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचं तरी तोच शब्द. अगदी आपल्या ‘आपण’सारखा. मी त्याला म्हटलं, हिंदीवाल्यांना हे कळत नाही, इंग्रजांना तर नाहीच. तुम्हाला समुद्रापलीकडं कसं सुचलं? तो म्हणाला, “तुम लोगों ने कॉपी किया होगा.”

मग तो त्याच्या बहिणीबद्दल बोलला. दाएंग तेने. तेने म्हणजे गोड. ती इब्रीला एका भारतीय कुटुंबात घरकामाला. करार कधीच संपला. तिच्या एकुलत्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात मकास्सरजवळच्या गावी ठरलं होतं. लग्नाआधीच्या रात्री मुलीच्या तळहातावर घरच्या मोठ्यांनी एकेक करून मेंदीच्या पानांचा लेप लावायचा असतो. आपल्या हळदीसारखं समजा. आई जिवंत असून तिथं नाही, हे त्यांच्यात होऊ शकत नाही. मॅडम आधी म्हणाल्या, मुलाची परीक्षा होऊ दे. मग म्हणाल्या, माझी आई पुण्याहून येतेय, ती गेली की जा. मग म्हणाल्या, बघू. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात.

“पुण्याहून?” मी विचारलं.

“हां. मराठी. इसीलिए तुमको बोला. तुम्हारे लोग हैं.”

माझे लोक! मनात म्हटलं, बरं झालं, मराठीत गोड बोलून काम करून टाकू.

डोंगरातून

सहमच्या शेतांमधून बाहेर पडलं की थोड्याच वेळात हिरवं संपतं आणि डोंगर सुरू होतात. गवताचं पातं नाही. तांबडे, काळे, कुठं हिरवट झाक असलेले उघडे दगड. धातूवाल्या माणसाला ते बघताना मजा येते. मी स्टिअरिंग धरून दाएंग सिलाला इथं तांबं असणार, इथं क्रोमाइट, असं सांगत सुटलो. तो मागच्या सीटवरच्या डब्याकडं बघत होता. बहिणीसाठी चोतोचा डबा, काळ्या चिकट तांदळाचा एक पदार्थ, आणि मालकांना भेट म्हणून रेशमी लुंगी, त्यांच्याकडच्या मागावरची, कागदात गुंडाळलेली. कुणाच्या घरी मोठं काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही.

यनकुलच्या अलीकडं एका वळणावर रस्त्यात शेळ्या. मी ब्रेक मारला आणि डबा पालथा. सगळ्या गाडीत वजडीचा रस्सा. एका गावात फलजपाशी, म्हणजे डोंगरातून पाटानं आणलेल्या पाण्यापाशी, गाडीतली पायपुसणी धुतली. खजुरीखाली एक म्हातारा बसला होता. आमच्याकडं बघून त्यानं नाक दाबलं आणि मग हसत हसत हातावर खजूर ठेवले. लुंगी वाचली होती. चिकट भातही वाचला होता.

धुता धुता दाएंग सिलानं अजून एक गोष्ट सांगितली. त्या घरात तेनेला फोनवर मकास्सरीत बोलायची बंदी होती. “काय बोलते कळत नाही,” म्हणून. ती बाथरूममध्ये नळ सोडून मुलीशी बोलायची. आणि तिचं नावही बदललं होतं. मीना. तेने म्हणायला जड जातं म्हणून. दोन अक्षरं जड जातात! यांच्या घरी जर्मन पाहुणा आला असता तर त्याचं लांबलचक आडनाव पाठ केलं असतं यांनी.

मी पायपुसणं दगडावर आपटलं. दाएंग सिला म्हणाला, “भाई, आज गुस्सा मत करना. इन्शाल्ला काम हो जाएगा.”

“तुझ्या बहिणीला असं ठेवलंय आणि तू शांत?”

तो म्हणाला, आमच्यात ‘सिरी’ असते. मी अर्थ विचारला. मान, लाज, अब्रू, सगळं एकातच. ती गेली की माणूस नुसता आकार उरतो. आणि दुसरी गोष्ट ‘पाच्चे’. दुसऱ्याचं दुखलं की आपल्याला कळ येते, ती. तो म्हणाला, “ज्याला सिरी आहे तो आधी आरडाओरडा करत नाही. आधी दारात नीट उभा राहतो.” मला ते पटलं नाही. आमच्या वस्तीतल्या निळ्या झेंड्याखाली मी जो स्वाभिमान शिकलो तो ओरडून मागायचा होता, कारण हळू मागितलेलं कुणी ऐकलंच नव्हतं.

इब्री

इब्रीचा बाजार शुक्रवारी सकाळी शांत. मल्याळी माणसाच्या हॉटेलात परोटा आणि कडक चहा घेतला आणि पत्ता शोधला. खाली ओमानी घरमालक, वरच्या मजल्यावर साहेब-मॅडम. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचा मुलगा मोठा होऊन हे वाचील, त्याचा काही दोष नाही.

साहेबांनी दार उघडलं. मी मराठीत बोललो तसे खुलले. “या या! अहो, इकडं मराठी माणूस म्हणजे दिवाळीच! बसा. आडनाव काय म्हणालात?”

“वानखडे.”

“कुठले?”

“अकोल्याकडचे.”

“अच्छा. वानखडे म्हणजे... कुणबी का?”

“नाही. बौद्ध.”

“हां हां. छान. आम्ही तसलं काही मानत नाही हं.”

मी विचारलं होतं का? दाएंग सिला माझ्या शेजारी बसला होता, त्यानं पुढं केलेला लुंगीचा पुडा आणि भाताचा डबा त्याच्याच मांडीवर परत आला होता, त्याला कुणी आडनाव विचारलं नाही, नावही नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्यावरच्या स्टीलच्या एका ग्लासावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. बाकीच्या ग्लासांवर नव्हता. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. न्हाणीच्या खिडकीतून तो ग्लास विमानात बसून इब्रीला आला होता.

मी तरी गोडच बोललो. वहिनी, लग्न आहे हो, एकुलती मुलगी आहे. मॅडम म्हणाल्या, “अहो, तिला आम्ही घरच्यासारखं ठेवलंय. विचारा तिला. मीनाऽ, चहा आण!”

दाएंग तेने आली. बारीक चणीची, डोक्याला रुमाल. हातातला ट्रे तिनं बाजूच्या टेबलावर ठेवला. सोफा आणि टीपॉय यांच्यामधून माझ्यासमोरून तिला पलीकडं कप घ्यायला जायचं होतं. ती कमरेत वाकली. उजवा हात जमिनीकडं सोडला, जवळजवळ गालिच्याला टेकेल असा, हळूच काहीतरी पुटपुटली आणि तशीच वाकून पावलं टाकत माझ्यासमोरून गेली.

माझं डोकं फिरलं. असा हात जमिनीकडं सोडून चालणं माझ्या आज्यानं केलं होतं, पाटलाच्या दारात. ते आमच्या घरात सांगितलं जातं, विसरू नये म्हणून सांगितलं जातं. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, “ताई, झुकना मत! सीधे खड़े रहो!” मग मॅडमकडं वळलो. “शरम नाही वाटत? माणसाला असं वाकायला शिकवता?”

दाएंग तेने जागीच थिजली. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला थोबाडीत मारली.

मॅडम तावातावानं म्हणाल्या, “आम्ही शिकवलं? अहो, आमच्यासमोरून ती ताठ जाते! माझ्या आईसमोरूनसुद्धा. दोन वर्षांत एकदा मान खाली घातली नाही तिनं. मीच ह्यांना म्हणत आले, भारी घमेंड आहे बाईला. आज काय नाटक करतेय कोण जाणे!”

मग दाएंग सिला माझ्याकडं न बघता, अगदी हळू हिंदीत म्हणाला, “इसको ‘ताबे’ बोलते हैं. बसलेल्या माणसासमोरून जाताना त्याची वाट आपण कापतो, म्हणून हात खाली सोडून परवानगी मागायची. आमच्यात राजापण करतो. बाप मुलांसमोर करतो. ज्याला माणूस मानलं, त्याच्यासाठी. ज्याला नाही मानलं, त्याच्यासाठी नाही.”

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या घरात तिच्याकडून नाव घेतलं होतं, भाषा घेतली होती, पासपोर्ट घेतला होता. एक गोष्ट तिच्या हातात उरली होती आणि ती तिनं त्यांना दिली नाही. मला दिली. आणि मी, स्वाभिमानाचा मक्ता घेतलेला, चारचौघांत तिच्यावर ओरडलो.

साहेबांना मात्र निमित्त मिळालं. “हे बघा वानखडे, माझ्या घरात येऊन माझ्या बायकोची शरम काढता? ही चर्चा खलास. मीना कुठंही जाणार नाही. परीक्षा संपल्यावर बघू. निघा तुम्ही.” मी नियमाची भाषा काढली. कामगाराचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवणं इथल्या नियमात बसत नाही, हे साहेबांनाही ठाऊक. ते म्हणाले, “जा मग, करा तक्रार. बघू महिनाभरात काय होतं ते.” लग्न महिनाभरात होतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच बोलले.

दाराकडं जायला दाएंग तेनेसमोरूनच वाट होती. ती बुटक्या स्टुलावर बसली होती, तोंड झाकून. मी आयुष्यात कुणापुढं वाकलेलो नाही. नोकरीच्या मुलाखतीत नाही, सासऱ्यापुढं नाही. मी वाकलो. उजवा हात खाली सोडला. “ताबे, दाएंग तेने,” म्हटलं आणि तसाच तिच्यासमोरून गेलो. नीट जमलं नाही, गुडघा टीपॉयला आपटला. तिनं तोंडावरचा हात काढला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. नळ न सोडता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. दाएंग सिला हसला. मी विचारलं, काय म्हणाली? “बोलती है, डावा पाय पुढं टाकायचा असतो का मूर्खा.”

खाली आलो. दाएंग सिला गाडीकडं गेलाच नाही. फाटकाबाहेर उन्हात जमिनीवर बसला. भाताचा डबा आणि लुंगीचा पुडा समोर ठेवला.

“हे काय?”

“भेट घेऊन आलो. भेट घेतली नाही. असाच परत गेलो तर गावात तोंड दाखवू शकत नाही. बसतो.”

मीही बसलो. डोक्यावर रुमाल टाकून. वरच्या खिडकीतून पडदा दोनदा हलला. मॅडमचा आवाज आला, “अहो, लोक बघतायत!” बघतच होते. शुक्रवारची नमाज सुटली होती.

घरमालक मशिदीतून आला. पांढरा डगला, नक्षीची टोपी, हातात काठी. सलाम करून म्हणाला, बाहेर का? आत या, कहवा घ्या. दाएंग सिलानं उठून उत्तर दिलं, वर माझी बहीण आहे, तिच्या मुलीचं लग्न आहे, सोडत नाहीत, भेट घेऊन आलोय, घेतली नाही. मोडकीतोडकी अरबी, पण पुरली. म्हाताऱ्यानं डब्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. मग खिडकीखाली जाऊन काठी फाटकावर आपटली.

साहेब खाली आले. अरबी आणि इंग्रजीची भेळ सुरू झाली. मला समजलं तेवढं लिहितो.

“माझ्या दारात पाहुणा उन्हात, आणि तू वर एसीत?”

“सर, हे घरातलं मॅटर आहे...”

“दार माझं आहे. हा आता माझा पाहुणा. याची बहीण पण. तिच्या मुलीचं लग्न आहे ना?”

“हो, पण माझ्या मुलाची परीक्षा...”

“परीक्षा मुलगा देणार की ती?” म्हातारा म्हणाला. गल्लीतले दोघंतिघं थांबले होते, ते हसले. “बरं. तू आत्ता नको म्हणतोस तर आम्ही सगळे वर येतो. तुझ्याकडं चहा पितो आणि बोलतो. संध्याकाळपर्यंत बोलू. यल्ला, चला रे.”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गल्लीभर पाहुणे त्या खोलीत, त्या ग्लासांतून चहा पिणार! ते वळले, वर गेले आणि पासपोर्ट घेऊन आले. माझ्या हातात देऊ लागले. मी हात मागे घेतला. “तिचा आहे. तिला द्या. नावानं हाक मारून द्या.”

“मीना...” ते म्हणाले. ती खाली आली होती, जागची हलली नाही. म्हातारा काठीवर रेलून बघत होता. साहेब घसा साफ करून म्हणाले, “दाएंग तेने.” जड गेलं नाही. दोन शब्द आहेत.

लुंगी दाएंग सिलानं घरमालकाला दिली. त्यानं ती तिथंच डगल्यावरून कमरेला गुंडाळून बघितली. काळा भात सगळ्यांनी मिळून खाल्ला, खजूर आणि कहव्याबरोबर. व्हिसाचे कागद रद्द होईपर्यंत दाएंग तेने आपल्या घरातल्या बायकांबरोबर खालीच राहील, असं घरमालकानं परस्पर सांगून टाकलं, आणि तिकीट साहेबांनी काढायचं हेही.

परतताना गाडीत वजडीचा वास तसाच. दाएंग सिला यनकुल यायच्या आधीच झोपला. मी मात्र धुमसत होतो. साहेबांवर होतो, मॅडमवर होतो. ‘आम्ही तसलं काही मानत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडावर होतो. तो म्हातारा मशिदीतून दुसऱ्या गल्लीनं घरी गेला असता तर काय झालं असतं, याचाही राग होता. एका बाईला तिच्या मुलीच्या लग्नाला जाता यावं यासाठी कुणाचं तरी फाटक, कुणाची तरी काठी का लागावी? पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात साहेबांचं नाव कार्यकारिणीसाठी आलं. मी उभा राहून सगळं सांगितलं. काही जण म्हणाले, वानखडे, तुमचा सूर चढा असतो. असतो.

दाएंग तेने तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर मस्कतहून निघाली आणि लग्नाच्या चार दिवस आधी घरी पोचली. मुलीच्या तळहातावर लेप लावायला आई हजर होती.